बिनचाकाचा माल

समुद्रापासून वाळवंटापर्यंत माल न्यायचा आणि वाटेत त्याला एकाही चाकाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही! आमच्या मोहिमेचा हेतू एवढाच होता. विली सरांनी तो मला इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या ऑफिसात सांगितला, तेव्हा खिडकीबाहेर क्रेन कंटेनर उचलत होती आणि आवाजात मला अर्धंच ऐकू आलं. उरलेलं अर्धं कळल्यावर वाटलं, रिटायरमेंट जवळ आली की माणसाचं असंच होत असावं.

विली तुस्कानो मूळचे वसईचे. आमच्या माल पाठवणाऱ्या फॉरवर्डिंग कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर. तीस वर्षं आखातात काढून ते आता कायमचे घरी परत चालले होते. मी सुचित्रा, त्यांच्या हाताखाली डॉक्युमेंटेशन बघते आणि त्यांची बोलणीही खाते. त्यांच्या इथल्या चर्चच्या हॉलमध्ये एक प्रदर्शन भरणार होतं, ‘बायबलच्या काळातला व्यापार’. फादरांनी त्यातलं एक टेबल विली सरांकडे सोपवलं होतं. शलमोन राजाची गलबतं ओफीर नावाच्या बंदरातून सोनं, सुगंधी लाकूड, हस्तिदंत, माकडं आणि मोर घेऊन येत म्हणे. हे ओफीर म्हणजे आपलं सोपारा, असं वसईत पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. विद्वानांचं यावर एकमत नाही. विली सरांचं मात्र स्वतःशी पूर्ण एकमत होतं!

“पण सर, चंदन आणि मिरी मीना बाजारात मिळते की,” मी म्हटलं. “आणायची आणि टेबलावर मांडायची. खलास!”

“ते तर कोणीही करेल.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “सुचित्रा, आयुष्यभर मी पेट्या हलवल्या. आत काय आहे ते पॅकिंग लिस्टवर वाचलं. एकदा तरी माल माझ्या हाताने न्यायचाय गं, त्या लोकांसारखा. टेबलापाशी उभं राहून सांगायचंय की हा मी आणला. नाहीतर तिकडे जाऊन काय सांगू, तीस वर्षं केलं काय म्हणून?”

ते हसत हसत म्हणाले, पण मला गलबलून आलं. घरी येऊन राजनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत आयटी बघतो आणि वीकेंडला डोंगर चढतो. “मीपण येतो,” तो म्हणाला. मी कधी हो म्हटलं ते मला अजून आठवत नाही.

विली सरांची बायको विल्माताई एका हॉटेलात फ्रंट ऑफिस सांभाळायच्या. त्या चौथ्या. “मी नाही आले तर हा माणूस पाणीसुद्धा विसरेल,” एवढंच त्यांनी कारण दिलं.

मार्ग ठरला तो असा. कल्ब्याच्या किनाऱ्यावरून निघायचं, हजरचे डोंगर ओलांडायचे आणि पलीकडे म्लेहाच्या वाळूत उतरायचं. पूर्वेकडून आलेला माल जुन्या काळी याच डोंगरांतून गाढवांवर लादून पलीकडे जात असणार आणि तिथून पुढे उंट, असं विली सरांचं म्हणणं. त्यांनी मालाची रीतसर आयातही केली! किनाऱ्यावर मिरीची गोणी, चंदनाचा ओंडका आणि सुती कापडाचा तागा एका मच्छीमाराच्या होडीत ठेवला. होडी लाटांपलीकडे नेऊन परत आणली. मग स्वतः गुडघाभर पाण्यात उभं राहून माल उतरवून घेतला. मच्छीमार आमच्याकडे बघत होता. त्याला आम्ही काय समजावणार?

गाढवं अबू राशिद नावाच्या डोंगरातल्या शेतकऱ्याने दिली होती. राजनने त्यांचं लगेच बारसं केलं. पुढे धावणारी ती यल्ला, म्हणजे अरबीत ‘चला’, आणि मधेच चारी पाय रोवून उभा राहणारा तो खलास. पाणी, अंथरुणं आणि जेवण यल्लावर. माल खलासवर, कारण तो तगडा होता आणि पाय जपून टाकायचा.

माल लादून झाला आणि विली सरांनी खिशातून दोन केबल सील काढली. कंटेनरच्या दाराला आम्ही लावतो तसली, पोलादी तारेची, नंबरवाली. गोणी, ओंडका आणि तागा मिळून जे गाठोडं झालं होतं ते त्यांनी तारेने खोगिराच्या लाकडाला करकचून जखडलं आणि दोन्ही सील खटाखट बंद केली.

“सर, इथे कस्टम्स कोण बघणारे?” मी विचारलं.

“मी! सील फुटलं नाही म्हणजे वाटेत मालाला कोणी हात लावला नाही. प्रोसीजर म्हणजे प्रोसीजर.”

“आणि कटर?”

“कटर डेस्टिनेशनला लागतो. पलीकडे जी गाडी लावून आलोय, तिच्यात ठेवलाय.”

मला ते इतकं बरोबर वाटलं की मी मान डोलावली. आमच्या धंद्यातल्या कोणीही डोलावली असती.

पहिला अडथळा डोंगराचा नव्हता, हायवेचा होता! एका पुलाखालच्या बोगद्यातून पलीकडे जायचं होतं. वरून ट्रेलर धडधडत गेला की खलास थांबे. एका पिकअपवाल्याने काच खाली करून ओरडून विचारलं, “भाईसाब, शूटिंग है क्या?” राजन म्हणाला, “नहीं भाई, एक्सपोर्ट है!” पिकअपवाल्याने आम्हाला मनापासून सलाम केला आणि निघून गेला.

मग रस्ता संपला आणि डोंगर सुरू झाले. हजरचे डोंगर हिरवे नसतात. काळपट, तांबूस, वर्षानुवर्षं उन्हात भाजून निघालेले. पण हिवाळा होता, हवा गोड होती आणि दगडांच्या सांदीत कुठे कुठे बोरीचं झाड दिसे, खाली बारकी बोरं सांडलेली. विल्माताईंनी ती वेचून रुमालात बांधली. जुनी वाट अजून होती. कोणी तरी कधी काळी दगड बाजूला सारून ती केली होती आणि ती डोंगराच्या अंगाने वळत वळत शांतपणे वर चढत होती. आम्ही फार बोलत नव्हतो. गाढवांच्या खुरांचा आवाज, पाण्याच्या कॅनचा डुचमळणारा आवाज, एवढंच. ऑफिसात मी दिवसभर फोनवर बोलते. इथे कोणी काही विचारत नव्हतं, आणि ते मला फार आवडलं.

दुपारी वाट अरुंद झाली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल घळ. यल्ला झपझप निघून गेली. खलासच्या पाठीवरचा ओंडका मात्र आडवा होता. तो कड्याला घासला. खडे निखळले, खलास बिचकला आणि त्याचा मागचा पाय बाहेर गेला!

“धर! धर त्याला!” विली सर ओरडले.

राजनने शेपटीकडून खोगीर धरलं. मी दावं ओढलं. खलास थरथरत होता. पाय वर आला, परत घसरला, परत वर आला. अखेर टेकला!

“ओंडका सोडवून उभा बांधू,” राजन धापा टाकत म्हणाला.

“सील आहे,” विली सर म्हणाले.

“अहो, मग तोडा की!”

“कटर गाडीत आहे.”

राजनने माझ्याकडे पाहिलं. मी कड्याकडे पाहिलं. शेवटी आम्ही ओंडक्याचं बाहेरचं टोक हातांनी उचलून धरलं आणि खलासला बोटबोट पुढे नेलं. पलीकडे पोचल्यावर विल्माताई नवऱ्याला म्हणाल्या, “विली, कंटेनरला पाय नसतात. याला आहेत.” विली सर खलासचं कपाळ बराच वेळ खाजवत राहिले.

संध्याकाळी खिंडीत पोचलो. तिथे दगड रचून केलेला एक जुना आडोसा होता. मागे वळून पाहिलं तर लांबवर समुद्राची निळी रेघ, आणि समोर डोंगरांच्या पलीकडे वाळूचा पिवळट धूसर पट्टा. दोन्ही एका जागेवरून दिसत होते. विल्माताईंनी सुक्या बोंबलाची चटणी काढली, मी थालीपिठं काढली. राजनने चहा टाकला. दिवसभर उन्हात तापलेल्या गोणीतून मिरीचा वास येत होता.

“योसेफाला त्याच्या भावांनी विकलं ना, ते अशाच तांड्याला,” विल्माताई म्हणाल्या. “उंटांवर डिंक, मसाले, गंधरस. आणि त्या मालात एक पोरगं. नेलं मिसरला आणि तिथे विकलं.”

“म्हणजे तो पण इम्पोर्टेड माल,” राजन म्हणाला. “आपल्यासारखाच! व्हिसा, मेडिकल, स्टॅम्प, यल्ला.”

आम्ही हसलो. मग विली सर म्हणाले, “मी आलो तेव्हा विल्मा तिकडेच होती. एअरपोर्टवरून लेबर कॅम्पला नेलं आम्हाला, अल क्वोजला. बसच्या खिडकीतून नुसती वाळू. मी रडलो होतो.” विल्माताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या दोघांना तसं बसलेलं पाहून मला माझ्या आईवडिलांची आठवण आली आणि मी उगाचच चहात साखर ढवळत राहिले.

सकाळी उठलो तर पूर्वेला शिखरांवर ढग. फार नाहीत, पण काळे. मोबाइलला रेंज नव्हती. कालच्या अंदाजात आकाश निरभ्र होतं. खाली उतरायला दोन वाटा होत्या. एक डोंगरधारेवरून, लांबची आणि खडबडीत. दुसरी वादीतून. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी, वर्षभर गोटे आणि वाळू, सरळ सपाट रस्ता.

“धारेवरून जाऊ,” विल्माताई म्हणाल्या. “ढगांचा काय भरवसा?”

“त्या अरुंद वाटेवर या ओंडक्याला घेऊन?” विली सर म्हणाले. “कालचं एकदा पुरे. वादीतून दुपारपर्यंत पोचू. इन्शाल्ला, काही होत नाही.”

ओंडका सोडवता आला असता तर धारेवरून जाता आलं असतं. हे आम्हा सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलून दाखवलं नाही. आम्ही वादीत उतरलो.

आत फार सुंदर होतं. दोन्हीकडे उंच भिंती, मधे पांढरे गोल गोटे, एका वळणावर खजुराची चार झाडं आणि त्यांच्या बुंध्याशी थोडंसं पाणी. बेडूकसुद्धा होते! डोक्यावर आकाश निळंभोर. एक थेंब पडला नाही. मी सॅंडल काढून पाण्यात पाय बुडवले.

यल्लाने कान उभे केले. मग ती पाण्यापासून मागे सरली.

आधी वास आला. ओल्या मातीचा, गार. मग आवाज. लांबून, दगडावर दगड घरंगळल्याचा.

“वर!” राजन ओरडला. “सगळे वर चढा! पाणी येतंय!”

उजवीकडे भिंतीला एक दगडी पायरी होती, माणसाच्या उंचीपेक्षा जरा वर. तिच्याकडे जायला दोन मोठ्या शिळांमधून वाट. यल्ला शेळीसारखी उडी मारून वर! विल्माताई तिच्यामागे. मी हातापायांवर चढले. वळून पाहते तर खलास शिळांच्या मधे अडकलेला. पुढचं अंग आत, आणि ओंडक्याची दोन टोकं दोन शिळांवर टेकलेली. दाराला अडसर घालावा तसा तो ओंडका!

“मागे घे! मागे!” विली सर ओरडले.

खलासने पाय रोवले. तो मागेही येईना, पुढेही जाईना. आणि वळणावरून पाणी आलं!

भिंत वगैरे नव्हती. गुडघाभर उंचीचं, तपकिरी, फेसाळ, काटक्या आणि गोटे पुढे लोटत येणारं पाणी. बघता बघता ते मांडीपर्यंत चढलं. खलास ओरडला. तो आवाज मी विसरणार नाही.

“विली, वर ये!” विल्माताई किंचाळल्या. “सोड त्याला! विली!”

विली सर तारेला झटे देत होते. सील जागचं हललं नाही. ते न हलण्यासाठीच केलेलं असतं! राजनने एका हाताने शिळेची कड धरली, दुसऱ्याने सरांचा पट्टा.

“सर, तंग कापा!” मी ओरडले. “पोटाखालचा तंग! सगळं जाऊ दे!”

त्यांनी वर पाहिलं. क्षणभरच. त्यांच्या चेहऱ्यावर मला सगळं दिसलं. ती गोणी, तो ओंडका, ते टेबल, ती तीस वर्षं. मग त्यांनी खिशातला चाकू काढला, श्वास रोखला आणि पाण्याखाली गेले.

पाणी चढत होतं. राजनचा हात ताणला गेला. “लवकर!” तो ओरडला. “सर, लवकर!”

तंग तुटला! खोगीर कलंडलं, ओंडका शिळांवरून निसटला आणि सगळं गाठोडं एक गिरकी घेऊन प्रवाहात गेलं. खलास मोकळा झाला. एक धडपड, दुसरी धडपड, आणि तो वर आला, मला जवळजवळ तुडवतच! राजनने पट्टा खेचला. मी आणि विल्माताईंनी दंड धरले. विली सर खोकत, ठेचकाळत वर आले आणि पालथे पडून राहिले.

विल्माताईंनी आधी त्यांना मिठी मारली. मग पाठीत एक धपाटा घातला. मग पुन्हा मिठी मारली.

पाणी ओसरेपर्यंत आम्ही त्या पायरीवर बसून होतो. ऊन पडलं. कपडे वाळले. खाली वादी वाहत होती, आता जरा शांतपणे, आणि पाण्यावर पडलेल्या कवडशांकडे बघत आम्ही विल्माताईंनी वेचलेली बोरं खाल्ली.

“संपलं,” शेवटी विली सर म्हणाले. “गाढव वाचलं, बरं झालं. पण माझं संपलं, राजन.”

राजन एरवी प्रत्येक गोष्टीवर विनोद करतो. आत्ता त्याने उरलेली बोरं सरांच्या हातावर ठेवली. खलासने मान पुढे करून सरांच्या हातातलं बोर खाल्लं. त्यांनी त्याला दुसरं दिलं.

पाणी घोट्याइतकं उतरल्यावर आम्ही कडेकडेने निघालो. दुपार कलताना वादीचं तोंड आलं आणि समोर वाळू, बाभळी आणि गाड्याच गाड्या! इथे वादी वाहिली की लोक ती बघायला येतात. चटया पसरलेल्या, थर्मास, मुलांचा दंगा. आम्हाला बघून एक सरकारी गणवेशातला माणूस धावत आला आणि पावसात वादीत शिरल्याबद्दल त्याने आमची चांगलीच खरडपट्टी काढली. आम्ही माना खाली घालून ऐकून घेतलं. त्याचं बरोबरच होतं.

तेवढ्यात राजनने माझं कोपर दाबलं. “ते बघ.”

एका चटईशेजारी आमचं खोगीर पडलं होतं! चिखलाने माखलेलं, एक लाकूड मोडलेलं. त्यावर तारेने जखडलेलं गाठोडं जसंच्या तसं. दोन्ही सील बंद! चटईवर एक म्हातारी बसली होती, तोंडावर जुन्या पद्धतीचा मुखवट्यासारखा बुरखा, हातात कॉफीचा छोटा पेला. तिच्या मुलग्यांनी ते पाण्यातून ओढून काढलं होतं.

विली सर धावले. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? “गाडी में रखा था? सय्यारा? सय्यारा में?”

“ला, ला,” एक मुलगा गोंधळून, नकारार्थी मान हलवत म्हणाला. “हाथ से लाया. क्यों?”

विली सर मटकन वाळूत बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समुद्रापासून वाळवंटापर्यंत माल आला होता, आणि एकही चाक लागलं नव्हतं! शेवटचा टप्पा तर त्याने आमच्याही आधी गाठला होता.

म्हातारी गाठोड्याकडे झुकली. ओल्या लाकडावर तिने तळवा फिरवला आणि तो नाकाशी नेला. “संदल?” तिने विचारलं.

“संदल,” विली सर म्हणाले. “हिंदुस्तान से.”

ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. मुलाने हिंदीत सांगितलं, “अम्मा बोलती है, इसकी माँ के संदूक में ऐसा टुकड़ा था. कपड़े में वही खुशबू. माँ गई, संदूक भी गया. इतने साल के बाद आज वो खुशबू आई.”

म्हातारीने तळवा पुन्हा नाकाशी नेला. डोळे मिटले. तिने काहीच मागितलं नाही.

“विली,” विल्माताई हळूच म्हणाल्या, “प्रदर्शन आहे.”

“हो गं.”

“सील तोडलंस तर लोकांना दाखवणार काय?”

सरांनी विल्माताईंकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. मला वाटलं, ते थोडा तुकडा देतील. आमच्या धंद्यात सॅंपल म्हणून देतात तसा. ते उठून आमच्या गाडीकडे गेले, कटर घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने दोन्ही सील तोडली. मग ओंडका उचलला, सगळाच्या सगळा, आणि म्हातारीच्या पुढ्यात ठेवला.

म्हातारी गडबडली. नको नको म्हणाली. विली सर हात जोडून उभे. मग तिने सून होती तिला काहीतरी सांगितलं. सुनेने गाडीतून एक कापडी पिशवी आणली. आत लुबान होता, झाडाचा फिकट पिवळा डिंक, निखाऱ्यावर टाकला की घर दरवळतं तो. म्हातारीने पिशवी विली सरांच्या हातात दिली आणि त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. घेतल्याशिवाय ती ओंडक्याला हात लावणार नव्हती.

“हा घ्यावाच लागेल,” मी म्हटलं.

“घेणारच!” विली सर म्हणाले. त्यांनी पिशवी उघडून वास घेतला, एक खडा उन्हात धरून पाहिला आणि अगदी व्यापाऱ्यासारखी मान हलवली.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये गेलो. विली सर कोट घालून टेबलामागे उभे होते. टेबलावर मिरीची डागाळलेली गोणी, पाण्याने रंग गेलेला तागा आणि मधोमध पितळी ताटलीत लुबान. फादर एकेक टेबल बघत आले. त्यांनी मिरी हातात घेतली, लुबानाचा वास घेतला आणि इकडे तिकडे पाहिलं.

“विली, तुमचं ते सोपाऱ्याचं चंदन कुठाय? सगळ्यांना सांगत होता ना?”

विली सर ताठ उभे राहिले. एवढे ताठ मी त्यांना ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं.

“खपलं, फादर,” ते म्हणाले. “माल खपला.”